ताटातला मासा कुठल्या पाण्यातला?

शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या बचत गटांच्या वतीनं आम्ही आज तुमच्याशी बोलतो आहोत. हातातलं काम चालू ठेवा, फक्त कान इकडं द्या.

गटाच्या बैठकीत हिशेब संपला, वही मिटली की घरच्या गोष्टी निघतात. त्यात एक प्रश्न अलीकडं वरचेवर येतो. ‘ताई, मोबाईलवर आलंय की माशात विष असतं. सून पोटुशी आहे. तिला मासे द्यावेत की बंद करावेत?’ काही घरांत सासूबाईंनी मासे बंदच करून टाकले. काही घरांत उलटं. ‘आमच्या सासूनं खाल्ले, तिला काय झालं?’ असं म्हणत मिळेल तो मासा, मिळेल तिथून येतो.

उत्तर आधी सांगतो, कारणं नंतर. पोटुशी बाईनं मासे खावेत. लेकरांनीही खावेत. पण कुठला मासा, केवढा मासा आणि कुठल्या पाण्यातला, हे विचारून खावेत.

मासे बंद केले तर काय जातं, ते आधी पाहू. चांगल्या प्रतीचं प्रथिन जातं. बारीक मासा काट्यासकट चावून खाल्ला तर मिळणारा चुना, म्हणजे कॅल्शियम जातं. पोटातल्या बाळाचा मेंदू आणि डोळे घडायला लागणारी माशातली खास चरबी जाते. आपल्याकडं अंगात रक्त कमी असलेल्या बाया किती आहेत, हे आशाताईंना विचारा. अशा बाईच्या ताटातून मासा काढायचा आणि त्या जागी नुसती चटणी-भाकरी ठेवायची, हा काही शहाणपणा नाही.

मग मोबाईलवरचं सगळं खोटं का? तसंही नाही. माशात रसायनं येतात, हे खरं आहे. ती तीन वाटांनी येतात. पहिली वाट पाण्याची: मासा ज्या पाण्यात वाढला, त्यातलं त्याच्या अंगात उतरतं. दुसरी वाट व्यापाराची: मासा मेल्यावर टिकावा म्हणून त्याला काहीतरी लावतात. तिसरी वाट आपल्याच हातांची आहे. तिच्याबद्दल शेवटी बोलू, कारण ती आपल्या ओढ्यावरूनच जाते.

पहिली वाट, पाण्याची

कारखान्याच्या सांडपाण्यातून, कोळशाच्या धुरातून पारा पाण्यात येतो. तळाच्या गाळातले जिवाणू त्याचं एका जास्त विषारी रूपात रूपांतर करतात. ते शेवाळात जातं. शेवाळ खाणाऱ्या बारीक जिवांत ते साठतं. बारीक जीव छोटा मासा खातो, छोट्या माशाला मोठा मासा खातो. प्रत्येक पायरीला पारा वाढतच जातो, कारण अंगात आलेला पारा लवकर बाहेर पडत नाही. थेंबे थेंबे तळे साचे, असं आपण गटाच्या बचतीबद्दल म्हणतो. इथं तळं विषाचं साचतं. म्हणून जो मासा मोठा, जास्त वर्षं जगलेला आणि दुसऱ्या माशांवर पोसलेला, त्याच्यात पारा सगळ्यात जास्त.

याचा सगळ्यात वाईट धडा जपानमध्ये मिळाला. मिनामाता नावाचं समुद्रकाठचं गाव. तिथल्या एका रासायनिक कारखान्यानं १९३२ पासून १९६८ पर्यंत पारा असलेलं सांडपाणी खाडीत सोडलं. गाव मासळीवर जगणारं. आधी गावातली मांजरं वेड्यासारखी वागून मरायला लागली. मग माणसांचे हातपाय बधिर व्हायला लागले, बोलणं अडखळायला लागलं, नजर आकसली. १९५६ साली या आजाराची सरकारी नोंद झाली. कारखान्याचा पारा हेच कारण आहे, हे सरकारनं मान्य करायला १९६८ साल उजाडलं. बारा वर्षं गेली, आणि त्या बारा वर्षांत लोक तेच मासे खात राहिले.

मिनामातात डॉक्टरांना आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती आपण बायांनी नीट ऐकायची आहे. काही आयांना स्वतःला फारसा त्रास नव्हता, पण त्यांची बाळं जन्मतःच गंभीर आजारी होती. मान धरता येत नव्हती, बोलता येत नव्हतं. वार म्हणजे बाळाची ढाल, विष तिथंच अडतं, असा तोवरचा समज होता. या पाऱ्यानं तो खोटा ठरवला. तो वार ओलांडून बाळाच्या घडत असलेल्या मेंदूत जातो. म्हणून सगळ्या जगात माशांबद्दलचा सल्ला आधी गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांसाठी असतो.

हे जपानचं झालं. आपल्या महाराष्ट्रात? ठाण्याची खाडी, उल्हास नदी आणि काळू नदी हा पट्टा घ्या. तिथं कॉस्टिक सोडा बनवण्यासाठी पारा वापरणारे कारखाने होते. त्यांच्या सांडपाण्यातून पारा बाहेर गेला. मुंबई-ठाणे परिसरातल्या माशांत किती पारा आहे, याची पाहणी १९७५ सालीच प्रसिद्ध झाली होती. पुढं राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या भागातल्या गाळाचे थर तपासले, तेव्हा कारखान्यांच्या काळातल्या थरांत पारा चढलेला दिसला. आता अशा कारखान्यांनी पाऱ्याची पद्धत सोडली आहे. पण गाळात बसलेला पारा कुठं जाणार? तो तिथंच असतो. मिनामाताएवढं संकट आपल्याकडं आलं नाही. तरी शहराच्या सांडपाण्याच्या खाडीतला मासा आणि खुल्या समुद्रातला मासा एकच समजू नये, एवढं यातून घ्यायचं.

ही गोष्ट शिरूर अनंतपाळमध्ये सांगायचं कारण आहे. आपल्या कितीतरी लेकी, भाऊ-भावजया पोटासाठी मुंबई, ठाणे, भिवंडीला राहतात. त्यांच्यापर्यंत हे पोचवा. दुसरं, आपल्या आठवडी बाजारात येणारे सुके बोंबील, सुकट, जवळा तिकडच्याच किनाऱ्यावरून येतात. त्याबद्दल मात्र घाबरू नका. हे मासे आकारानं लहान आणि कमी दिवस जगणारे. त्यांच्या अंगात पारा साठायला वेळच मिळत नाही. पाऱ्याच्या हिशेबात बोंबील, सुकट, बांगडा, तारली हे बरे. जपायचं ते मुशी म्हणजे शार्क, मोठी सुरमई, मोठा ट्युना अशांपासून. गरोदरपणात हे मोठे शिकारी मासे नकोतच.

आपल्या घरणी आणि साकोळ प्रकल्पांत, गावतळ्यांत मिळणारे रोहू, कटला, मृगळ हे मासे मुख्यतः शेवाळ, पाण्यातले बारीक जीव आणि तळाचा पालापाचोळा खाऊन वाढतात. ते दुसऱ्या माशांची शिकार करत नाहीत. म्हणून पाऱ्याच्या शिडीवर ते खालच्या पायरीला राहतात. गरोदर सुनेसाठी हाच मासा चांगला.

एक गैरसमज काढून टाकू. मीठ-हळद लावून, दोन पाण्यांनी धुऊन, चांगला शिजवून पारा जातो असं अनेक जणी म्हणतात. जात नाही. पारा माशाच्या मांसालाच धरून असतो. जंत मरतात, जिवाणू मरतात, पारा राहतो. दिलासा एवढाच की असा मासा खाणं थांबवलं तर शरीर हळूहळू पारा बाहेर टाकतं. साधारण दोन महिन्यांत निम्मा कमी होतो. म्हणून ज्यांच्या घरी पाळणा हलायची वाट पाहताहेत, त्यांनी मोठे शिकारी मासे दिवस राहण्याआधीच बंद केलेले बरे.

पाण्याच्या वाटेवर अजून एक मासा आहे, थाई मांगूर. मिशांचा, काळपट, टबात जिवंत वळवळत विकला जाणारा. हा मूळचा आफ्रिकेचा. आपल्या देशी मांगूरपेक्षा भराभर आणि खूप मोठा वाढतो. केंद्र सरकारनं २००० साली त्याच्या पालनावर बंदी घातली. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं साठे नष्ट करायला सांगितले, आणि आपल्या मत्स्य विभागानं राज्यात काही ठिकाणी तशी कारवाईही केली. हा मासा हवेतून श्वास घेऊ शकतो, म्हणून गटाराच्या पाण्यातही तगतो. काही लोक त्याला सडकं मांस टाकून वाढवतात. ज्या पाण्यात दुसरा मासा मरेल त्या पाण्यात जो वाढला, त्याच्या अंगात त्या पाण्यातलं काय काय असेल? मासा जिवंत आहे म्हणजे तो चांगला आहे, असं नसतं.

दुसरी वाट, व्यापाराची

मासा लवकर नासतो. बर्फाला पैसे पडतात. मग काही जण फॉर्मेलिन वापरतात. फॉर्मेलिन म्हणजे मेलेलं शरीर, प्रयोगशाळेतले नमुने कुजू नयेत म्हणून वापरायचं रसायन. ते पोटात गेलं तर घशाची, जठराची आग होते, पोट दुखतं, उलट्या होतात. त्याची वाफ वर्षानुवर्षं नाकात जात राहिली तर कर्करोग होऊ शकतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं सांगितलं आहे.

जून २०१८ मध्ये केरळच्या अन्न सुरक्षा विभागानं तपासणी मोहीम काढून असा हजारो किलो मासा पकडला. पुढच्याच महिन्यात, १२ जुलै २०१८ ला, गोव्यात मडगावच्या घाऊक बाजारात बाहेरून आलेल्या मासळीची अन्न व औषध प्रशासनानं तपासणी केली. जागेवरच्या चाचणीत फॉर्मेलिन दिसलं. नंतर प्रयोगशाळेच्या तपासणीचा हवाला देऊन सांगितलं गेलं, की प्रमाण मर्यादेत आहे. लोकांचा विश्वास बसेना. गोव्यासारख्या मासळीच्या राज्यात लोकांनी मासे घेणं कमी केलं. शेवटी सरकारला बाहेरून येणारी मासळी काही दिवस बंद ठेवावी लागली.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. एक, मासा मेल्यावर त्याच्या अंगात थोडं फॉर्माल्डिहाइड आपोआपही तयार होतं, बोंबलात तर जरा जास्तच. त्यामुळं ‘सापडलं’ एवढंच पुरत नाही, ‘किती सापडलं’ हे प्रयोगशाळेनं मोजावं लागतं. दुसरी, लोकांनी विचारलं म्हणून तपासणी वाढली. कोची इथल्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं यासाठी साधी कागदी पट्टी तयार केली आहे. पट्टी माशावर घासायची, तिच्यावर द्रावणाचा थेंब टाकायचा, रंग बदलतो का ते पाहायचं. दोन-चार मिनिटांचं काम. आपल्या प्रभाग संघानं ठराव करून अशा तपासणीची मागणी अन्न व औषध प्रशासनाकडं करायला काय हरकत आहे?

बाजारात आपण काय पाहायचं? ताज्या माशाचा डोळा फुगीर आणि चकचकीत असतो. कल्ले ओलसर लाल असतात. बोटानं दाबलं तर पडलेला खड्डा लगेच भरून येतो. डोळे आत गेलेले, कल्ले फिके, अंग ताठ रबरासारखं आणि तरी वास मात्र काहीच नाही, अशा माशाचा संशय घ्या. माशी बसत नाही, एवढ्यावर निकाल देऊ नका. बर्फावरच्या माशावरही माशा कमीच बसतात. लांबून बर्फाच्या पेटीत आलेल्या माशापेक्षा तळ्यावरून सकाळी निघालेला मासा केव्हाही बरा. विकणाऱ्या बाईला सरळ विचारा, ‘माय, कुठल्या तळ्याचा? कधी काढला?’ ओळखीची असेल तर खरं सांगते.

सुक्या माशाचं वेगळं आहे. वाळवताना माशा बसू नयेत, साठवताना किडे लागू नयेत म्हणून त्याच्यावर कीटकनाशक मारण्याचे प्रकार होतात. यासाठी वापरलं जाणारं डायक्लोरव्हॉस हे औषध आपल्या सरकारनं २०२० च्या अखेरीपासून बंद केलं आहे. सुका मासा घेताना वास घ्या. माशाच्या वासाऐवजी औषधाचा उग्र वास आला तर परत ठेवा. घरी आणल्यावर कोमट पाण्यात भिजवा, ते पाणी फेका, दोनदा धुवा, मगच तव्यावर टाका. मीठही कमी होतं. ज्यांना बीपी आहे आणि ज्या गरोदर बायांच्या पायावर सूज आहे, त्यांनी सुका मासा बेतानंच खावा.

तिसरी वाट, आपल्या हातांची

मैत्रिणींनो, आता जरा स्पष्ट बोलतो. पावसाळा संपता संपता ओढ्यात डोह उरतात. त्यात मासे कोंडलेले असतात. गावातली काही पोरं शेतातलं फवारणीचं औषध त्या डोहात ओततात. पाच-दहा मिनिटांत मासे तडफडून वर येतात. ते गोळा करून घरी आणतात, उरलेले विकतात. आपण ते साफ करतो, कालवण करतो आणि लेकरांना वाढतो. हा मासा विषानं मेलेला आहे. ते विष त्याच्या कल्ल्यांतून, कातडीतून, पोटातून आत गेलेलं आहे. त्याच डोहावर जनावरं पाणी पितात, बाया धुणं धुतात.

पाण्यात विष टाकून मासे मारणं हा गुन्हा आहे, आणि तो काही कालपरवाचा नाही. १८९७ च्या मत्स्य कायद्यातच त्याला मनाई होती. पण पोलीस प्रत्येक डोहावर येणार नाहीत. ‘हा मासा आमच्या चुलीवर चढणार नाही’ एवढं घरातल्या बाईनं म्हटलं, तर पोरं औषध ओतायला जाणार कशाला?

मुद्दाम न टाकताही औषध पाण्यात जातं. सोयाबीन, तुरीवर फवारणी झाली की पंप ओढ्यात खळखळून धुतात. रिकामे डबे बांधावर फेकतात. पहिला मोठा पाऊस आला की सगळं तळ्यात. किडींवर मारायची काही औषधं माणसापेक्षा माशाला कितीतरी पट जास्त घातक असतात. आणि उन्हाळ्यात पाणी आटलं की तीच घाण थोड्या पाण्यात दाटते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तसली वर्षं आपण पाहिली आहेत. तळ्यात उरलेल्या त्या थोड्या पाण्याला जपणं, म्हणजे मासा आणि माणूस दोघांना जपणं.

म्हणून घरच्या माणसाला सांगा: पंप ओढ्यापासून, विहिरीपासून लांब, पडीक जागी धुवा. डब्यावरच्या तिरक्या चौकोनात खाली लाल किंवा पिवळा रंग असेल तर ते औषध फार जहाल आहे. त्याचा रिकामा डबा पाण्याला, धान्याला, लेकरांच्या खेळायला कधीच नको. तळ्यात मासे अचानक मरून तरंगताना दिसले तर फुकटचे म्हणून उचलू नका. ग्रामपंचायतीला आणि तळं चालवणाऱ्या मत्स्य संस्थेला लगेच कळवा. आणि कुणी असा मासा खाल्ल्यावर उलट्या, खूप घाम, तोंडाला लाळ, हातापायाला थरथर, श्वासाला त्रास असं काही झालं, तर घरगुती उपाय करत बसू नका. तडक दवाखाना गाठा. औषधाचा डबा सापडला तर सोबत न्या, डॉक्टरांना उपचार ठरवायला मदत होते.

ज्या गटांनी शेततळ्यात मासे सोडले आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. मासे आजारी पडले म्हणून दुकानदार देईल ती पावडर टाकू नका. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान ही प्रतिजैविकं खायच्या माशासाठी बंद आहेत. मत्स्य विभागाच्या अधिकाऱ्याला विचारा आणि काय टाकलं, कधी टाकलं हे वहीत लिहा. उद्या गिऱ्हाईकानं ‘कुठल्या पाण्यातला?’ विचारलं, तर ती वही पुढं करता येईल. असा मासा दोन रुपये जास्तीनंही विकला जाईल.

आता घरी करायचं थोडक्यात सांगतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी आठवड्यातून दोन वेळा मासा खावा, लहान किंवा मध्यम आकाराचा. नेहमी एकाच जागचा, एकाच जातीचा मासा न घेता बदलून घ्या, म्हणजे एका ठिकाणची खोट रोज पोटात जात नाही. साफ करताना कल्ले, आतडी, काळीज काढून टाका, कारण पुष्कळ जड धातू तिथं साठतात. पोटाची चरबी आणि कातडी काढली तर जुन्या कीटकनाशकांचा अंशही कमी होतो. लेकरांना वाढताना मोठ्या माशाच्या डोक्यापेक्षा मांसाचा तुकडा द्या, काटे पाहून. आणि भेसळीचा संशय आला तर अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या क्रमांकावर फोन करा. फोनला पैसे पडत नाहीत.

येत्या बैठकीत सगळ्या गटांनी एक काम करावं. आपल्या गावाजवळच्या ओढ्यात, तळ्यात औषध टाकून मासे धरले जातात का, यावर बोलावं. होत असेल तर ग्रामसभेत विषय घ्यावा. नाव कुणाचं घ्यायची गरज नाही. ‘आमच्या पाण्यात विष नको’ एवढाच ठराव पुरे. आणि ज्या घरात सून पोटुशी आहे, त्या घरी आज-उद्या जाऊन सांगा की मासे बंद करू नका, तळ्यावरचा ताजा रोहू आणा.